खेल्ल्याचे बी आणि दमेकऱ्याचा श्वास

दम्याचे नाव निघाले की कोणीतरी अडुळशाचा काढा सुचवतोच. "झाडपाल्यात खरेच गुण असतो का?" हा प्रश्न मग मागोमाग येतो. असतो, परंतु तो हाती कसा लागतो, हे इजिप्तमधील एका रोपाच्या कथेवरून पाहण्यासारखे आहे.

खेल्ला हे रोप आपल्या ओव्या-कोथिंबिरीच्याच गोतातले. तिकडे त्याच्या बियांचा काढा मूतखड्यावर देत. त्या बियांतले खेलिन हे द्रव्य आवळलेले स्नायू सैल करते. दम्याच्या झटक्यात श्वासनलिकांभोवतीचे स्नायूच आवळतात. तेव्हा ते दम्यावर चालेल असे वाटणे साहजिक होते. पण खेलिनने मळमळ सुटे. म्हणून इंग्लंडमधील रसायनज्ञ त्याच्या जातीची नवी द्रव्ये बनवू लागले.

त्यांच्याबरोबर काम करणारे डॉ. रॉजर अल्टून्यान स्वतः दमेकरी होते आणि गिनीपिगच्या केसांचे त्यांना वावडे होते. ते त्या केसांचा अर्क श्वासात घेऊन मुद्दाम धाप लावून घेत आणि नवे द्रव्य आधी घेतल्यास धाप किती कमी लागते ते मोजीत. एकदोनदा नव्हे, कित्येक वर्षे! (हा प्रयोग कोणी घरी करू नये, हे सांगायला नकोच.) १९६५ मध्ये सोडियम क्रोमोग्लिकेट हाती आले. गंमत अशी की, ते स्नायू सैल करीतच नाही! ऍलर्जी असलेल्याच्या श्वासात धूळ वा पराग गेला, की नलिकेच्या अस्तरातील काही पेशी हिस्टामिन बाहेर टाकतात. हे औषध त्या पेशींना आधीच आवरून धरते. झटका सुरू झाल्यावर मात्र त्याचा उपयोग नाही. आज त्याची जागा बहुतांशी स्टेरॉइडच्या फवाऱ्यांनी घेतली आहे.

आपल्याकडचा धोतराही असाच. त्याची पाने पूर्वी दम्यासाठी विडीसारखी ओढीत. त्यातील ऍट्रोपिनने नलिका मोकळ्या होतात, पण मात्रा थोडी चुकली की माणूस बरळू लागतो. त्याच ऍट्रोपिनवरून बेतलेले इप्राट्रोपियम आता फवाऱ्यात मोजून मिळते.

काढ्यात मात्र पान कोणते, किती उकळले, यावर द्रव्य कमीजास्त उतरते. म्हणून खोकल्याला अडुळसा जरूर घ्यावा. पण त्यासाठी रोजचा फवारा थांबवू नये. बोलताना वाक्य पुरे होईना, ओठ निळसर दिसू लागले, तर चूल पेटवीत बसू नये. झटक्याचा फवारा घेऊन थेट रुग्णालय गाठावे.