चौथ्या दिवसावरचं कुलूप

अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्यात पायी जायचं तर ओहोटीची वेळ पक्की हवी. जाणकार ती तिथीवरून काढतात: तिथीचा आकडा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे बाराच्या सुमारास ओहोटी. तीही भांगाची, पाणी फार ओसरत नाही. पर्यटक मात्र फोन काढतात आणि एखादं फुकटचं ॲप टाकून घेतात.

असं एक ॲप मी निरखून पाहिलं. स्टोअरच्या पानावर तिसऱ्या चित्रात महिनाभराचं कोष्टक, वर ठळक अक्षरांत ‘सहल आधीच ठरवा’. ॲप उघडल्यावर आज, उद्या, परवा दिसले. चौथ्या दिवसावर कुलूप. त्यावर बोट ठेवलं की वर्षाच्या वर्गणीची मागणी. म्हणजे पुढच्या शनिवारची ओहोटी विकतची.

वर्गणी मागण्यात गैर काही नाही. नियमाचा आक्षेप आहे तो तिसऱ्या चित्राला. ॲपलच्या नियमावलीतलं २.३.२ हे कलम सांगतं, की वर्णनात किंवा स्क्रीनशॉटमध्ये दाखवलेल्या गोष्टीला वेगळे पैसे पडणार असतील, तर ते तिथेच स्पष्ट कळलं पाहिजे. गूगल प्लेचीही तीच अट आहे. शिवाय ॲपच्या नावात ‘फ्री’ची जाहिरात चालत नाही. ॲपलने तर नोव्हेंबर २०१४ मध्ये स्वतःच्याच बटणावरचं ‘फ्री’ काढून ‘गेट’ केलं.

या ॲपच्या नावाखालीही बारीक अक्षरांत ‘इन-ॲप पर्चेसेस’ होतंच. त्यावरून आत काहीतरी विकतचं आहे एवढं कळतं. कोष्टकच विकतचं आहे, हे कळत नाही. पहिली पाटी स्टोअर लावतं. दुसरी लावायची जबाबदारी ॲप बनवणाऱ्याची, आणि नेमकी तीच राहून जाते.

आपल्याकडे सरकारनेही यात लक्ष घातलं आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या ‘डार्क पॅटर्न’विषयक मार्गदर्शक तत्त्वांत फसवणुकीचे १३ प्रकार दिले आहेत. पुढच्या वापराला पैसे लागतील हे न सांगता ‘फुकट’ म्हणून जाहिरात करणं त्यातल्या ‘ड्रिप प्रायसिंग’मध्ये येतं. तिथलं उदाहरण बुद्धिबळाच्या ॲपचं आहे: ‘फुकट खेळा’ म्हणायचं आणि ७ दिवसांनी पैसे मागायचे.

तिसऱ्या चित्रावर ‘चौथ्या दिवसापासून वर्गणी’ एवढं लिहिलं तरी भागेल. त्याने डाउनलोड घटतील, ही भीती खरी आहे. पण घटतील ते बहुतेक कुलूप बघून, एक तारा देऊन, ॲप काढून टाकणारेच.