उतरेल, म्हणालो होतो

१९९१ साली मी पवनीला बँकेत अधिकारी होतो. पीककर्जाचे दिवस. एक धानकरी खातेदार कर्जाचं बोलून झालं तरी खुर्चीवरून उठेना. मग हळू आवाजात म्हणाला, ''साहेब, तुम्ही पुस्तकं लिहिता. माह्या पोराचं काही समजत नाही जी. रात्रभर झोपत नाही. रेडिओवाला माह्यावरच बोलते, म्हणते.''

मी विचारलं, ''चिलीम ओढतो का?''

''नदीवर पोरांसंगं बसते खरा.''

''मग गांजाच तो. बंद करा, उतरेल.''

एवढं बोलून मी पुढची फाईल ओढली. मुलगा एकोणीस वर्षांचा होता.

असं का म्हणालो? आमच्या लहानपणी गांजा म्हणजे साधूची चिलीम आणि भांग म्हणजे महाशिवरात्र, होळी. थोरला काका तासभर हसत सुटायचा, दुसऱ्या दिवशी ठणठणीत. नशा चढते आणि उतरते, एवढंच आमचं शास्त्र.

खरं शास्त्र निवृत्तीनंतर वाचलं. या एका झाडात शंभराहून अधिक कॅनाबिनॉइड द्रव्यं आहेत. नशा आणतं ते मुख्यतः टीएचसी. १९६४ साली इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी ते शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. हिरव्या झाडात ते बहुतांशी आम्लरूपात असतं, उष्णता लागली की त्याचं टीएचसी होतं. म्हणून चिलीम मिनिटांत चढते. पोटातून घेतलेली भांग यकृतामार्गे जाते, तिला तास-दीड तास लागतो. तेवढा धीर नसलेला माणूस दुसरा पेला घेतो आणि मग भिंतींना घाबरतो. कायद्यालाही पान आणि फूल यांतला फरक ठाऊक आहे. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्याविना नुसतं पान त्या व्याख्येत येत नाही.

१९९२ साली मेशुलाम यांच्या प्रयोगशाळेत आपल्या मेंदूतच तयार होणारं, टीएचसीसारखं काम करणारं द्रव्य सापडलं. त्याला नाव दिलं आनंदामाइड, आपल्या संस्कृत 'आनंद'वरून. ते मेंदूत जिथं चिकटतं तिथंच टीएचसी चिकटतं, पण जास्त वेळ आणि अवेळी. त्यांतली पुष्कळ ठिकाणं स्मरणाच्या भागात आहेत. नोटा मोजताना कोणी हाक मारली की आकडा हरवतो ना, तशी गत. वाक्य सुरू केलेलं आठवतं, कशासाठी ते आठवत नाही.

दुसरं द्रव्य सीबीडी. त्यानं नशा येत नाही. २०१८ साली अमेरिकेत लहान मुलांच्या दोन कठीण अपस्मारांवर त्याच्या शुद्ध औषधाला मान्यता मिळाली. माझा भाचा विचारतो, ''मामा, झोपेसाठी हे तेल घेऊ का?'' मी म्हणतो, डॉक्टरांना विचार. मानसिक आजारांवरच्या चाचण्यांत रोज शेकड्यांनी मिलिग्रॅम दिलेत, चार थेंब नव्हेत. सीबीडी टीएचसीला आवर घालतं, असंही बरंच सांगितलं जातं. अलीकडच्या प्रयोगांत नेहमीच्या प्रमाणात तसं आढळलं नाही.

आता वेडाचा प्रश्न. १८९३-९४ साली इंग्रज सरकारनं हेम्प ड्रग्ज आयोग नेमला होता. आपला भंडारा तेव्हा मध्य प्रांतात. आयोगानं वेड्यांच्या इस्पितळांतल्या नोंदी तपासल्या, आणि हा भाग बँकवाल्याला फार आवडतो. १८९२ साली देशभरात २२२ रुग्णांच्या नावापुढे कारण म्हणून गांजा-भांग-चरस लिहिलं होतं. एकेक व्हाउचर तपासावं तसं मागे जाऊन पाहिलं, तेव्हा ९८ उरले. बाकीच्या ठिकाणी कारणाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही म्हणून कोणीतरी गांजा लिहिला होता. माफक सेवनानं सहसा अपाय नाही, अतिसेवनानं वेड लागू शकतं, असा आयोगाचा कौल.

पण रकाना भरणाऱ्या त्या कारकुनात आणि माझ्यात फरक काय?

१९८७ साली स्वीडनमधून पंचेचाळीस हजारांवर सैनिक-भरतीच्या तरुणांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. पन्नासहून अधिक वेळा सेवन केलेल्यांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सहापट होतं. तरी त्यांतल्या बहुतेकांना तो झाला नाही. २०१९च्या युरोप-ब्राझीलमधल्या अभ्यासात रोज कडक, म्हणजे दहा टक्के वा अधिक टीएचसीचा गांजा ओढणाऱ्यांत मनोविकृतीची शक्यता जवळजवळ पाचपट दिसली. कोवळं वय, घरात आधीचा आजार, यांनी धोका वाढतो. उलटही होतं: आजार चाहूल देत असतो आणि पोरगा जिवाला बरं वाटावं म्हणून चिलमीकडे वळतो. बापाला बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

माझा खातेदार दीड वर्षानं परत आला. मुलाला लाखनीला भावाकडे ठेवून गांजा आठवड्यात तोडला होता. आवाज थांबले नव्हते. साहेब म्हणाले उतरेल, म्हणून वाट पाहिली. मग नागपूरला नेलं, औषधं सुरू झाली. मुलाच्या मामालाही असंच झालं होतं, हे मला तेव्हा कळलं. मी विचारलंच नव्हतं. या आजारात पहिले महिने विनाउपचार गेले की पुढचं बरं होणं अवघड होतं, हे मी कितीतरी वर्षांनी वाचलं. आज टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, फुकट आणि मराठीत. तेव्हा त्या बापाला मी होतो.

गेल्या वर्षी पवनीला गेलो. तो आता पन्नाशीपलीकडे आहे, महिन्याला इंजेक्शन घेतो, भावाच्या दुकानात बसतो. हात किंचित कापतात. त्यानं मला ओळखलं, चहा मागवला. ''बाबा तुमचं नाव काढत होते जी,'' म्हणाला. वडील जाऊन नऊ वर्षं झालीत. त्यांनी त्या दिवशी बँकेत मला काय विचारलं होतं, ते त्याला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाही. चहा घेतला आणि उठलो.