मेस्त्रींचा कॅमेरा

पुण्याच्या मंडईजवळ जिथे आता गाड्या लावतात, तिथे एके काळी आर्यन सिनेमा होता. ७ फेब्रुवारी १९२० रोजी तिथे ‘सैरंध्री’ लागला. कीचकवधाचा प्रसंग इतका खरा वाटला की त्याला कात्री लागली. लोकमान्य टिळकांनी दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. हा चित्रपट ज्या कॅमेऱ्याने टिपला तो कोल्हापुरात हाताने घडवलेला होता. पण ‘पहिला स्वदेशी कॅमेरा’ एवढे म्हणून बहुतेक लिहिणारे पुढे सरकतात. अभिमान वाटला की कुतूहल संपते, असा आपल्याकडचा अनुभव आहे.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म १८९०चा. ते आणि त्यांचे भाऊबंद आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत, म्हणून दोघेही ‘पेंटर’ झाले. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला आणि दोघांच्या डोक्यात सिनेमा शिरला. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यांनी एक प्रोजेक्टर आणला आणि चित्रपट दाखवता दाखवता त्याचा अभ्यास सुरू केला. आनंदराव कॅमेरा जुळवायला बसले, पण १९१६ साली ते गेले. अर्धवट राहिलेले काम बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ साली तडीस नेले.

फोटोचा कॅमेरा बनवणे त्या काळी अशक्य कोटीतले नव्हते. स्टुडिओतला घडीचा कॅमेरा म्हणजे सागवानी चौकट, कातड्याचा भाता, मागे घासलेली काच. चांगल्या सुताराला तो जमे. त्यातली खरी मेख एकच: उघडल्यावर भिंग आणि काच एकमेकांना समांतर उभे राहिले पाहिजेत आणि भात्याच्या घडीतून उजेड झिरपता कामा नये. घडीच्या कॅमेऱ्यांची पुढची सगळी हुशारी याच मुद्द्याभोवती फिरली, अगदी १९७२च्या पोलरॉइड एसएक्स-७० पर्यंत. तो मिटला की जेमतेम अडीच सेंटिमीटर जाडीचा, उघडला की आरशासकट ताठ उभा. फोटो काढताच दोन रुळांमधून कागद बाहेर येई आणि त्या रुळांच्या दाबाने त्यातली रसायने सारखी पसरत. दाब कमीजास्त झाला की फोटोवर डाग. तरीही त्या कॅमेऱ्याला एका वेळी एकच फोटो सांभाळायचा असे.

सिनेमाच्या कॅमेऱ्याला सेकंदाला सोळा सांभाळायचे असतात. मूकपटांच्या काळात हाताने दांडा फिरवत. एका फेऱ्यात आठ चित्रे, म्हणजे सेकंदाला दोन फेरे. प्रत्येक चित्राच्या वाट्याला एक सोळांश सेकंद येतो. त्यातला साधारण अर्धा वेळ झडप उघडी असते आणि फिल्म निश्चल हवी. उरलेल्या सुमारे एक बत्तिसांश सेकंदात झडप मिटलेली असतानाच एक नखी फिल्मच्या कडेच्या भोकांत शिरते, फिल्म १९ मिलिमीटर खाली ओढते आणि सोडते. फिल्मची वरची-खालची चाके मात्र न थांबता फिरत असतात. म्हणून फिल्मवर जिथून उजेड पडतो त्या खिडकीच्या दोन्ही बाजूंना फिल्मची सैल वळी ठेवावी लागते. ती नसेल तर फिल्म फाटलीच.

आता चूक किती खपते ते पाहा. फिल्मवरचे चित्र सुमारे २४ मिलिमीटर रुंद. पंधरा फुटी पडद्यावर ते जवळपास १९० पट होते. फिल्म दर वेळी मिलिमीटरच्या विसाव्या भागाने जरी इकडेतिकडे थांबली, तरी पडद्यावर चित्र सेंटिमीटरभर थरथरते. सुतारकामात एवढी चूक कोणाच्या नजरेतही येत नाही. इथे कानस आणि लेथवरचा हातच हवा.

प्रोजेक्टर उघडून पाहिला की यातले निम्मे समजते, कारण फिल्मची थांब-चाल त्यालाही लागते. पण प्रोजेक्टरात ती बहुधा एका खाचांच्या चाकाने साधतात, कॅमेऱ्यात नखीने. शिवाय प्रोजेक्टरच्या फटीतून उजेड सांडला तर बिघडत नाही; कॅमेऱ्यात एक फट राहिली की सगळी रिळे धुरकट. आणि यंत्र बरोबर चालले की नाही, हे फिल्म धुतल्याशिवाय कळायला मार्ग नाही. महायुद्ध चालू होते, विलायती माल मिळणे मुश्कील, म्हणजे फुकट गेलेला प्रत्येक फूट जिवावर येणार. हा कॅमेरा म्हणजे नक्कल होती असे कोणी म्हणेल. असेलही. नवी कल्पना आणि चालणारे यंत्र यांत चालणारे यंत्र मला अवघड वाटते.

तानीबाई कागलकरांनी पैशाचे पाठबळ दिले, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. पुढे ‘सिंहगड’ (१९२३), ‘सावकारी पाश’ (१९२५) झाले. ‘सैरंध्री’ची प्रत आज उपलब्ध नाही, त्यामुळे मेस्त्रींच्या कॅमेऱ्याचे चित्र पडद्यावर किती स्थिर उभे राहत होते, याचा निवाडा करता येत नाही.

कॅमेऱ्यापेक्षा तो घडवणारे हात जास्त टिकले. दामले आणि कंपनीतले त्यांचे सोबती फत्तेलाल १९२९ साली शांतारामांबरोबर बाहेर पडले, ‘प्रभात’ ही चित्रपट कंपनी काढली आणि १९३३ साली ती पुण्यात आणली. बोलपट आल्यावर दामल्यांनी ध्वनिमुद्रणाचे यंत्र आपल्याकडे घेतले. १९३६चा ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला तो याच दामले-फत्तेलालांनी. ‘प्रभात’च्या पुण्यातल्या स्टुडिओच्या जागेत १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तिथे पहिल्या वर्षाची मुले कॅमेऱ्यात फिल्म भरताना वळी किती सैल ठेवायची हे अंधारात चाचपून शिकत आली.