नेट गेलं की फोनही गेला: सगळंच एका आयपीवर

अंबड एमआयडीसीत छोटं वर्कशॉप चालवणाऱ्याचं ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर येतं, पैसे यूपीआयने येतात, गेटवरचा कॅमेरा वायफायवर चालतो आणि रात्री पुण्यात शिकणाऱ्या लेकीचा व्हिडिओ कॉल येतो. कामं वेगवेगळी, पण खालचा रस्ता एकच: इंटरनेट प्रोटोकॉल, म्हणजे आयपी. आवाज असो की पैसे, त्याचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावर पत्ता टाकायचा आणि पाठवून द्यायचं.

अमेरिकेतल्या अर्पानेटने १ जानेवारी १९८३ पासून ही पद्धत लागू केली. सगळी जाळी एकच बोली बोलू लागली, म्हणून आज कुठल्याही कंपनीचा फोन कुठल्याही कंपनीच्या फोनशी जोडला जातो. एसटीडी बूथमध्ये मीटरकडे बघत बोलण्याचे दिवस गेले, हा फायदा काही लहान नाही.

पण जुन्या लँडलाईनची एक गोष्ट आपण विसरलो. घरातली लाईट गेली तरी ती वाजायची, कारण तिला वीज तांब्याच्या तारेतूनच, एक्सचेंजकडून मिळायची. फायबरवरचा फोन राऊटरवर चालतो. लाईट गेली, राऊटरला बॅकअप नसला, की तो मुका.

मोबाईलचंही तेच. ५ फेब्रुवारी २०२२ ला मुंबईत जिओचं नेटवर्क कित्येक तास बंद होतं. बिघाड कोणत्याही कंपनीत होतो, पण जिओकडे २जी नाही. तिथे साधा कॉलसुद्धा आयपीवरूनच जातो. ज्या कंपनीचं २जी अजून चालू आहे, तिच्या सिमवर नेट बंद पडलं तरी कॉल लागण्याची आशा असते.

समजा अशाच वेळी घरात मय्यत झाली. दफन लवकर करायचं असतं, मालेगावच्या नातेवाईकांना जनाज्याची वेळ कळवायची असते. मोहल्ल्यात मशिदीच्या माईकवरून ऐलान होईल, तो माईक काही आयपीवर चालत नाही. मालेगावला मात्र फोनच हवा.

म्हणून घरात दोन कंपन्यांची सिमं असू द्या. ऑफरच्या नादात आख्खं घर एकाच कंपनीत पोर्ट झालेलं असतं! एक सिम २जी असलेल्या कंपनीचं, साध्या बटनाच्या फोनमध्ये. *९९# डायल करून नेटशिवाय यूपीआयचे पैसे जातात; आपल्या सिमवर ते चालतं का, हे आजच बघून ठेवा. आणि चार-पाच नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. अम्मीला मुलाचा नंबर पाठ नसतो, तो फक्त स्मार्टफोनमध्ये असतो.