पंख्याचा हुक कशाच्या आधारावर?

वर्गातल्या पंख्याकडे बोट दाखवून विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारावा. छतातल्या हुकवर जास्त भार केव्हा येतो, पंखा बंद असताना की चालू असताना? बहुतेक मुले ‘चालू असताना’ म्हणतील. उत्तर नेमके उलटे आहे. पाती हवा खाली ढकलतात, म्हणून न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे हवा पंख्याला वर रेटते. आपला नेहमीचा १२०० मिलिमीटरचा पंखा मिनिटाला सुमारे २२० घनमीटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ४.४ किलोग्रॅम हवा फेकतो. तिचा वेग सेकंदाला ३ मीटर धरला तर वरचा रेटा १३ न्यूटन भरतो. चार किलोचा पंखा हुकला सव्वा किलोने तरी हलका होतो! खेळण्यातली मोटर आणि पुठ्ठ्याची पाती ताणकाट्याला टांगून हे दाखवता येते.

मग हुकसाठी १०-१२ मिलिमीटर जाडीची सळई कशाला? नुसत्या वजनाला जाड तारही पुरली असती. खरा शत्रू आहे तो हेलकावा. समजा, एका पात्यावर १० ग्रॅम जास्तीची धूळ बसली आहे आणि ती केंद्रापासून अर्ध्या मीटरवर आहे. मिनिटाला ३५० फेऱ्या असतील, तर या दहा ग्रॅमची ओढ ६.७ न्यूटन होते. ती आडवी असते आणि प्रत्येक फेरीत दिशा बदलते. दिवसाला दहा तास पंखा चालला तर असे दोन लाख दहा हजार हिसके बसतात. उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत सव्वा कोटी. एरवी न तुटणारा धातू अशा वारंवार हिसक्यांनी थकतो, नट सैल होतात. दांडी आणि हुक यांच्यामध्ये रबरी गुटका असतो तो यासाठीच. धातू धातूवर घासत नाही आणि पंखा किंचित झुलू शकतो.

घर बांधताना सेंट्रिंगच्या फळ्यांवर लोखंडी डबी ठेवतात, तिच्यातून सळई आरपार घालतात आणि सळईची टोके स्लॅबच्या सळयांवर टाकून तारेने बांधतात. काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताण त्याच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकाच. म्हणून ओढ सळयांवर जाऊन स्लॅबच्या मोठ्या भागात पसरली पाहिजे. डबी ठेवायचे राहून गेले (आणि ते फार वेळा राहते!) तर नंतर भोक पाडून पसरणारा बोल्ट ठोकावा लागतो. भोक गिलाव्याच्या पुढे, चांगल्या काँक्रीटमध्ये खोल गेले पाहिजे आणि आतली भुकटी झटकली पाहिजे; नाहीतर बोल्ट पकडणार कशाला? लाकडी गुल्ली ठोकून तिच्यात स्क्रू पिळणे हा प्रकार पंख्यासाठी कधीही करू नये. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. जुन्या घरात तुळईला आरपार बोल्ट घालून वरून पत्र्याची नव्हे, जाड लोखंडाची पट्टी द्यावी.

आता राहिली स्प्लिट पिन. मोटर पात्यांना एका दिशेने फिरवते, तेव्हा दांडीला उलट दिशेने पीळ बसतो. दांडीच्या आट्या किंवा बोल्टचा नट सुटू नये म्हणून ही पिन असते. शाळा उघडण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करून, शिडीवर चढून, छताजवळचा कप आणि मोटरवरचा कप असे दोन्ही खाली-वर सरकवून पाहावेत. पिन आहे का, तिची टोके वाकवलेली आहेत का, की कोणीतरी तिच्या जागी खिळा घातला आहे, हे पाच मिनिटांत कळते. खिळा निघाला तर त्या पंख्याखालचे बाक आधी हलवावेत, वायरमनला निरोप मग.