पाटावर बसण्याचा हक्क

उज्जैनच्या फ्रीगंज भागातील टावर चौकात सायंकाळी क्षणभर उभे राहावे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे केवळ हातपाय न्याहाळावेत. कोणी उकिडवे बसून भाजी निवडतो, कोणी वाकून वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो. शिंद्यांची राजधानी १८१० साली येथून ग्वाल्हेरला गेली. मराठी कुटुंबे मात्र राहिली, आणि त्यांच्याबरोबर पाटावर मांडी घालून जेवण्याची रीतही.

अशाच एखाद्या घरातील कर्त्या पुरुषास अर्धांगवायूचा झटका आला, असे समजू या. औषधांनी प्राण वाचले. परंतु घास तोंडाशी जात नाही, सदऱ्याची गुंडी लागत नाही. येथे जी विद्या साहाय्यास येते, तिला व्यवसायोपचार म्हणतात. येथे व्यवसाय म्हणजे केवळ पोटापाण्याचा धंदा नव्हे. उठल्यापासून निजेपर्यंत मनुष्य जे जे करतो, ते सर्व होय.

अमेरिकेत १९१७ साली ही विद्या संघटित झाली. भारतातील तिचे पहिले विद्यालय कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू केले. कमलाबाई जन्माने अमेरिकन, विवाहाने मराठी. या विद्येचा जागतिक महासंघ १९५२ साली स्थापन झाला, तेव्हा संस्थापक देशांत भारतही होता.

परंतु विद्येबरोबर परकी मापेही आली. अमेरिकेत १९६५ साली प्रसिद्ध झालेली बार्थेल सूची आजही जगभर वापरली जाते. रुग्णास स्वतः जेवता येते, याच्या खुणा म्हणून तिच्यात अन्न कापणे, मीठ-मिरी घेणे, लोणी लावणे ही कामे सांगितली आहेत. एका हाताने भाकरी मोडणे तिच्यात नाही. मांडी घालणे किंवा उकिडवे बसणेही नाही. सूची खोटी नव्हे. ती आपल्या मुलखाची आहे. एका मुलखाची राहणी हेच साऱ्या मानवजातीचे माप मानणे, ही मात्र वसाहतवादी बुद्धी होय. साहेब गेला, तरी ती मागे उरते.

ती झुगारता येते, हे जयपूरने दाखविले. पाश्चात्त्य कृत्रिम पाय बूट आणि खुर्ची गृहीत धरून घडविलेला होता. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस असा पाय तयार केला की, तो लावून मनुष्य अनवाणी चालू शकेल, शेतात उतरेल, उकिडवा बसेल.

कॅनडाच्या एलिझाबेथ टाउन्सेंड आणि ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅन विल्कॉक या विदुषींनी याच प्रश्नाला न्यायाचे रूप दिले. आपल्या जीवनाला अर्थ देणारी कामे करावयास मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. तो हिरावला जाणे हा अन्याय आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

हा अन्याय केवळ परकीयच करतात काय? आजारी आजीला आपण मायेने म्हणतो, "तू नुसती बसून राहा." विळी गेली, सूप गेले, नातवाची वेणी घालणेही गेले, आजी घरात असून घराबाहेर झाली. माप परदेशातून आले काय किंवा आपल्या मायेतून आले काय, ज्याचे जीवन त्यालाच विचारले नाही, हा दोष दोहोंत सारखाच.

म्हणून आमची वाचकांस एवढीच विनंती आहे: घरात असा रुग्ण असल्यास आज त्याच्याजवळ बसा आणि विचारा, "कोणते काम पुन्हा स्वतःच्या हाताने करावेसे वाटते?" मिळालेले उत्तर उपचार करणाऱ्यांस सांगा. न्यायाचा आरंभ त्या प्रश्नापासून होतो.