एका शेतकऱ्याचा नकार

१० एप्रिल १९३८ रोजी ऑस्ट्रियात सार्वमत झालं. महिनाभर आधीच हिटलरच्या फौजा देशात शिरल्या होत्या आणि ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन झाल्याचं जाहीरही झालं होतं. आता त्यावर जनतेची मोहोर हवी होती. देशातल्या कॅथलिक बिशपांनी ‘होय’च्या बाजूने पत्रक काढलं होतं. निकाल लागला तेव्हा ९९ टक्क्यांहून अधिक मतं ‘होय’ची निघाली. बव्हेरियाच्या सीमेवर, साल्झाख नदीकाठच्या सांक्ट राडेगुंड या खेड्यात मात्र एक मत विरोधात पडलं. हिटलरचं जन्मगाव ब्राउनाऊ याच जिल्ह्यातलं. गावाला बट्टा नको म्हणून ते मत दडपलं गेलं आणि गाव एकमुखाने पाठीशी असल्याचं वर कळवण्यात आलं. ते मत तीस वर्षांच्या एका शेतकऱ्याचं होतं. त्याचं नाव फ्रान्झ येगरश्टेटर.

पाच वर्षांनी याच माणसाने हिटलरच्या सैन्यात लढायला नकार दिला आणि ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. घरी बायको होती, आई होती आणि तीन मुली होत्या. त्यातली थोरली अजून सहा वर्षांचीही झाली नव्हती. त्याच्यामागे कुठली संघटना नव्हती, पक्ष नव्हता. शिक्षण गावच्या शाळेपुरतं. ज्या चर्चवर त्याची नितांत श्रद्धा होती, त्या चर्चमधल्या बहुतेकांनी त्याला ‘असं करू नकोस’ हेच सांगितलं. मग एवढं बळ त्याने आणलं कुठून? ‘श्रद्धेमुळे’ हे उत्तर खरं आहे, पण अर्धं आहे. श्रद्धेने नेमकं काय दिलं आणि काय दिलं नाही, हे पाहिल्याशिवाय ते पूर्ण होत नाही.

फ्रान्झ काही जन्मजात साधुपुरुष नव्हता. २० मे १९०७ रोजी एका मोलकरणीच्या पोटी त्याचा जन्म झाला. आईवडील इतके गरीब की लग्न करणंही त्यांना परवडलं नाही. वडील पहिल्या महायुद्धात मारले गेले. आजीने त्याला वाढवलं. पुढे आईचं लग्न झालं आणि सावत्र वडिलांनी त्याला दत्तक घेतलं, तेव्हा येगरश्टेटर हे आडनाव आणि शेत त्याच्या वाट्याला आलं. विशीत तो तीनेक वर्षं लोहखनिजाच्या खाणीत राबला आणि परतला तो मोटारसायकलवर बसून. गावात आलेली ती पहिली मोटारसायकल. दंगामस्तीत तो पुढे असायचा. लग्नाआधी त्याला एक मुलगीही झाली होती.

१९३६ मध्ये फ्रान्झिस्का श्वानिंगर हिच्याशी त्याचं लग्न झालं. लग्नानंतर दोघं रोमला गेली. गावकरी पुढे म्हणायचे की बायकोने त्याला बिघडवलं, देवभोळा केलं. खरं तर दोघांनी एकमेकांना घडवलं. घरात बायबलचं वाचन सुरू झालं, फ्रान्झ रोज सकाळी मिस्साला जाऊ लागला. पुढे तो गावच्या चर्चचा सेवेकरीही झाला. घंटा वाजवायची, वेदीची तयारी करायची, अंत्यविधीला मदत करायची आणि या कामाचे पैसे मात्र घ्यायचे नाहीत, असा त्याचा शिरस्ता.

१९३८ च्या जानेवारीत त्याला एक स्वप्न पडलं. डोंगराला वळसा घालत एक झगमगती आगगाडी येते आहे, मुलं-माणसं तिच्याकडे धावत सुटली आहेत. आणि आवाज येतो की ही गाडी नरकात चालली आहे. ही गाडी म्हणजे नाझी राजवट, असा अर्थ त्याने नंतर लावला. पण स्वप्न पाहून कुणी मृत्यूकडे चालत जात नाही. त्याच्या मोठ्या नकाराआधी लहान लहान नकारांची एक रांग आहे आणि मला तीच सगळ्यात मोलाची वाटते.

सत्तांतरानंतर त्याला गावचं सरपंचपद देऊ केलं गेलं. त्याने नाही म्हटलं. पक्षाच्या नावाने वर्गणी मागायला लोक दारात आले, त्यांना त्याने रिकाम्या हाताने परत पाठवलं. मुलांसाठी मिळणारा सरकारी भत्ता नाकारला. गारपिटीने पीक झोपलं तेव्हा सरकारने भरपाई देऊ केली, तीही घेतली नाही. गारपिटीनंतरच्या शेतकऱ्याच्या घरात काय परिस्थिती असते, हे विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. ज्या राजवटीला आपण चूक म्हणतो, तिचा पैसा आपल्या चुलीपर्यंत येता कामा नये, एवढा साधा हिशेब होता. प्रत्येक वेळी झळ घराला बसली आणि प्रत्येक वेळी घर तगलं. धैर्य ऐनवेळी आकाशातून पडत नाही. ते असं वर्षानुवर्षं रोजच्या व्यवहारात साठत जातं.

त्याचं पाऊल डगमगलंच नाही, असं मात्र नाही. १९४० मध्ये पहिलं बोलावणं आलं तेव्हा तो गेला, शपथही घेतली. ऑक्टोबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत त्याने सैन्यात वाहनचालकाचं प्रशिक्षण घेतलं. शेतीसाठी सूट मिळून घरी आला तेव्हा त्याच्या मनाने घेतलं होतं की पुन्हा जायचं नाही. मनोरुग्णांना पद्धतशीर ठार मारलं जात असल्याच्या बातम्या त्याच्या कानावर आल्या होत्या. रशियावरच्या स्वारीला लोक ‘नास्तिक बोल्शेविकांविरुद्धचं धर्मयुद्ध’ म्हणत होते. फ्रान्झने आपल्या वहीत प्रश्न लिहून ठेवले. ही लढाई एका विचाराशी आहे की रशियन माणसांशी? की त्यांच्या तेलाशी आणि सुपीक जमिनीशी?

मग तो सल्ला घ्यायला निघाला. धर्मगुरूंना भेटला, शेवटी लिंझच्या बिशपांपर्यंत गेला. लेखी काढलेले प्रश्न त्याने त्यांच्यापुढे ठेवले. फ्रान्झिस्का बाहेर थांबली होती. उत्तर मिळालं ते असं की युद्ध न्याय्य आहे की नाही हे ठरवणं सामान्य माणसाचं काम नाही, त्याची जबाबदारी बायकामुलांची आहे. तो खिन्न मनाने बाहेर आला. पण बिशपांचा त्याने राग धरला नाही. आपण गुप्तहेर असू अशी शंका त्यांना आली असावी, असंच तो म्हणाला.

इथे एक गोष्ट स्पष्ट दिसते. ज्या श्रद्धेने फ्रान्झला नकाराकडे नेलं, तीच श्रद्धा पुढे करून इतरांनी त्याला आज्ञापालन शिकवलं. संत पौलाच्या रोमकरांस पत्रात सत्ताधीशांच्या अधीन राहण्याचा उपदेश आहे, तो त्याच्यापुढे ठेवला गेला. पण प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात पेत्र धर्मसभेला ठणकावतो की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मोठी. दोन्ही वचनं एकाच नव्या करारातली. त्यांतलं आपल्या प्रसंगाला कुठलं लागू आहे, हे फ्रान्झला स्वतःलाच ठरवावं लागलं. श्रद्धेने त्याला तयार उत्तर दिलं नाही. उत्तर शोधण्याची तळमळ दिली आणि सापडलेल्या उत्तराची किंमत मोजायची ताकद दिली.

आणि फ्रान्झिस्का? सुरुवातीला तिनेही नवऱ्याची मनधरणी केली. आई विनवत होती, नातेवाईक समजावत होते. पण तो चहूबाजूंनी एकटा पडल्याचं तिने पाहिलं आणि ती त्याच्या बाजूने उभी राहिली. मी साथ दिली नसती तर त्याला कुणीच उरलं नसतं, असं ती पुढे सांगायची. फ्रान्झच्या धैर्याची चर्चा करताना तिला तळटीप करून चालणार नाही. त्याचा नकार एका दिवशी संपला. तिला तो पुढची सत्तर वर्षं निभावायचा होता.

२३ फेब्रुवारी १९४३ रोजी हुकूम आला. १ मार्चला एन्सच्या लष्करी छावणीत हजर होऊन त्याने सांगितलं की मी लढणार नाही. जखमींच्या शुश्रूषेचं काम करायची तयारी त्याने दाखवली, पण ती मान्य झाली नाही. लिंझचा तुरुंग झाला, मग मे महिन्यात बर्लिनचा टेगेल तुरुंग. पाद्री आणि धर्मचिंतक डीट्रिच बॉनहोफर त्याच काळात तिथेच कैदेत होते. १९३९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरक्षित राहता आलं असतं, तरी आपल्या लोकांच्या संकटात वाटेकरी व्हायचं म्हणून ते जर्मनीला परतले होते. एक मोठ्या घराण्यातला विद्वान, दुसरा खेड्यातला शेतकरी. एक प्रोटेस्टंट, दुसरा कॅथलिक. येशूच्या मागे जायचं म्हणजे काय, याचं दोघांचं उत्तर एकाच इमारतीत येऊन पोहोचलं होतं.

६ जुलै १९४३ रोजी लष्करी न्यायालयाने फ्रान्झला मृत्युदंड सुनावला. त्याच महिन्यात फ्रान्झिस्का गावच्या धर्मगुरूंसोबत बर्लिनला आली. भेट जेमतेम वीस मिनिटांची आणि तीही पहाऱ्यात. मन वळवायचा शेवटचा प्रयत्न झाला, पण तो बधला नाही. बेड्या पडलेल्या हातांनी त्याने लिहून ठेवलं की इच्छाशक्ती जखडली जाण्यापेक्षा हात जखडलेले बरे. तुरुंगातल्या धर्मगुरूंनी त्याला फ्रान्झ रायनिश या धर्मगुरूची हकिगत सांगितली. रायनिश यांनी हिटलरच्या नावाने शपथ घ्यायला नकार दिला होता आणि वर्षभरापूर्वी त्यांनाही मृत्युदंड झाला होता. ते ऐकून फ्रान्झला मोठा दिलासा वाटला. आपल्या चर्चमधलं कुणीतरी आपल्याआधी या वाटेने गेलं आहे, हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. म्हणजे तोवरचा सगळा रस्ता त्याने असं कुणी माहीत नसताना चालला होता. ९ ऑगस्टला ब्रांडेनबुर्गमध्ये त्याला मारण्यात आलं. शेवटच्या पत्रात त्याने घरच्यांची माफी मागितली होती.

युद्धानंतर गावाने फ्रान्झिस्कालाच बोल लावले. इतर सैनिकांच्या विधवांना मिळणारं निवृत्तिवेतन तिला १९५० पर्यंत मिळालं नाही. ही कहाणी जगापुढे आणली ती गॉर्डन झान या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने, १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकातून. पुढचा दुवा थेट मुंबईशी जुळतो. १९३७ ते १९५० या काळात मुंबईचे आर्चबिशप असलेले थॉमस रॉबर्ट्स यांनी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेला सादर केलेल्या निवेदनात फ्रान्झचं उदाहरण दिलं आणि विवेकाला स्मरून शस्त्र नाकारणाऱ्यांच्या पाठीशी चर्चने उभं राहावं, असा आग्रह धरला. डिसेंबर १९६५ मध्ये परिषदेने मंजूर केलेल्या दस्तऐवजात अशा माणसांना कायद्याने माणुसकीची वागणूक द्यावी, असं म्हटलं आहे. १९९७ मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने फ्रान्झची शिक्षा रद्द ठरवली. २६ ऑक्टोबर २००७ रोजी, ज्या लिंझमध्ये त्याला माघारी पाठवण्यात आलं होतं तिथल्याच कॅथीड्रलमध्ये चर्चने त्याला ‘धन्य’ घोषित केलं. चौऱ्याण्णव वर्षांची फ्रान्झिस्का मुलींसह तिथे हजर होती. २०१३ मध्ये, शंभर वर्षं पूर्ण करून ती गेली.

फ्रान्झच्या नकाराने युद्ध एका दिवसानेही लवकर थांबलं नाही, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला, आजही घेतला जातो. त्याला हे माहीत नव्हतं असं नाही. पण ख्रिस्ती श्रद्धेत कृतीचं मोल फळावर ठरत नाही. गेथसेमनेच्या बागेत खुद्द येशूने हा प्याला टळो अशी विनवणी केली होती. तेव्हा भीती वाटणं हे पाप नाही आणि अविश्वासाचं लक्षणही नाही. भीती तशीच असते, पण निर्णय तिच्या हाती सोपवायचा नसतो, हा धडा ख्रिस्ती माणूस तिथे शिकतो.

आपल्यापैकी बहुतेकांवर असा जीवघेणा प्रसंग येणार नाही. पण खोट्या कागदावर सही करायची की नाही, वरिष्ठांची चूक लपवायची की नाही, सगळे ज्याला वाळीत टाकतात त्याच्या घरी जायचं की नाही, हे प्रश्न कुणाला चुकले आहेत? अशा वेळी फ्रान्झचं उदाहरण तीन गोष्टी सांगतं. मोठ्यांचा सल्ला अवश्य घ्यावा, पण निर्णयाची जबाबदारी त्यांच्या खांद्यावर टाकू नये. जे घरातलं माणूस साथ देतं, त्याच्यापासून काही लपवू नये. आणि लहान सवलत नाकारायची संधी येते तेव्हा ती क्षुल्लक समजून सोडू नये. कारण श्रद्धेची ताकद कसोटीच्या दिवशी वापरायची असते, कमवायची मात्र त्याच्या आधीच्या साध्यासुध्या दिवसांत.